आईचा पोहायचा ड्रेस

जून महिन्यात कॅरी गावातल्या आमच्या घराच्या ॲटिकमध्ये चढणं ही शिक्षा आहे, आणि ती मी काल दुपारी आपणहून भोगली. सुहासने महिनाभर धोशा लावला होता, ॲटिक रिकामं करू, ॲटिक रिकामं करू. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा माझा हा नवरा खाली शिडी धरून उभा राहिला आणि वर गेले मी. छपराखालची कोंडलेली गरमी, इन्सुलेशनचा खाज आणणारा गुलाबी कापूस, मुलांच्या जुन्या कार सीट, धाकट्या निहारचा पाळणा. पाळण्याच्या मागे हँडलला लाल दोरा बांधलेली एक तपकिरी बॅग होती.

"अरे, ही आईंची ना?" सुहास खालून म्हणाला. "डोनेट करून टाकू. इतक्या वर्षांत कोणी उघडली पण नाहीये."

"हात लावू नकोस तिला," मी म्हणाले. आवाज चढला होता. का चढला ते तेव्हा माझं मलाही कळलं नाही.

इकडच्या प्रत्येक मराठी घरात अशी एक बॅग असते. आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांच्यासाठी जाकीट, बूट, कानटोपी घेतली जाते, आणि जाताना ते सगळं एका बॅगेत भरून इथेच ठेवतात. पुढच्या वेळी लागेल, उगाच वजन कशाला न्यायचं. माझ्या आईची पुढची वेळ आलीच नाही. आधी बाबांचं दुखणं निघालं, मग तिचे गुडघे गेले, मग तीच म्हणायला लागली, आता तुम्हीच या. आम्ही दोन-तीन वर्षांनी नागपूरला जात राहिलो आणि बॅग इथे वर तापत राहिली.

बॅग खाली आणून उघडली तर आत जांभळं जाकीट होतं. पांढरे बूट होते, त्यांच्या नाड्या आईने शाळेतल्या मुलीसारख्या नीट फुली घालून बांधलेल्या. वास उडून गेलेल्या ओव्याची पुडी होती. आणि अगदी तळाशी, नागपूरच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेला, गडद निळ्या नायलॉनचा एक ड्रेस. बाह्या कोपरापर्यंत, पाय गुडघ्याच्या खालपर्यंत, कमरेला झालरीचा छोटा घेर. लेडीज टेलरने शिवलेला, दुकानातला नव्हे. बायकांचा पोहायचा ड्रेस. मी तो झटकला तर घेराच्या दुमडीतून कार्पेटवर वाळू पडली.

माझ्या आईला मी आयुष्यात कधी पोहताना पाहिलेलं नाही. आणि नागपुरात समुद्राची वाळू नसते.

मला तिथल्या तिथे राग आला. आधी नुसताच आला, कोणावर ते ठरायच्या आत.

आई आली ती दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये, निहारच्या वेळी. त्या काळात आम्हा सगळ्यांची एक पद्धत होती आणि आम्हाला ती मोठी हुशारीची वाटायची. बाळ होणार असलं की आधी बाळंतिणीच्या आईने यायचं, सहा महिने राहायचं, मग ती गेली की सासूने यायचं. व्हिजाचे सहा महिने अधिक सहा महिने, बाळ वर्षाचं होतं, डेकेअरची कटकट नाही. ऑफिसात आम्ही जसे एकमेकांना कामाचा हँडओव्हर द्यायचो, तसा दोन आज्यांनी चार दिवस एकत्र राहून बाळाचा हँडओव्हर दिला की झालं. आम्ही त्याला चक्क शिफ्ट म्हणायचो. हसत म्हणायचो. त्या दोघींच्या समोर म्हणायचो.

तिच्या बॅगांमधून अख्खं बाळंतपण बाहेर पडलं होतं. डिंक, खारीक, अहळीव, बाळंतशेपा, मऊ झालेल्या जुन्या साड्यांची दुपटी. घराला आठवडाभर तुपाचा आणि सुंठीचा वास होता. धुरी द्यायला तिने छोट्या वाटीत ओवा आणि लसणीची सालं पेटवली आणि स्मोक अलार्म असा कोकलला की आमची पाच वर्षांची इरा कान झाकून जिन्याखाली जाऊन बसली. मी बाळंतिणीच्या अंथरुणातून ओरडले, "आई, इथे असं चालत नाही!" तिने वाटीवर ताट झाकलं आणि गॅलरीचं दार उघडलं. पुढच्या सहा महिन्यांत ते वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं याला गणतीच नाही. कपडे बाहेर दोरीवर वाळत घालू नकोस, इथे असं चालत नाही. शेजारच्यांच्या मुलाचा गाल असा ओढू नकोस. पोराला मांडीवर घेऊन गाडीत बसू नकोस. वाक्य बरोबरच असायचं. म्हणून तर ते इतक्या सहज तोंडात यायचं.

तीस वर्षं नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवलेली बाई होती ती. माहेर सांगलीजवळचं, कृष्णाकाठचं एक गाव. पाठीला सुकलेला भोपळा बांधून काकांनी नदीत ढकलून दिलं आणि मी तरंगले, ही गोष्ट लहानपणी आम्ही पाच-पन्नास वेळा ऐकली होती. आयांच्या लहानपणच्या गोष्टी जशा ऐकतात तशीच, एक कान टीव्हीकडे ठेवून. लग्नानंतर ती नागपूरला आली. तिथे नदी म्हणजे नावापुरती, आणि सुनेने तलावावर पोहायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. गोष्टीतला भोपळा गोष्टीतच राहिला.

फेब्रुवारीत मी तिला फोनवर सांगितलं होतं, ऑगस्टमध्ये आपण आठवडाभर एका बेटावर जाणार आहोत, अगदी समुद्राला लागून घर घेतलंय. तिने विचारलं, "तिथे समुद्र एकदम खोल होतो का गं, का हळूहळू?" मी म्हणाले, "आई, तू कशाला काळजी करतेस? लाइफगार्ड असतात." ती बरं म्हणाली. पुढे दोनेक आठवड्यांनी म्हणाली की सध्या मी सकाळी दीड तास बाहेर जाते, तेव्हा फोन संध्याकाळीच करत जा. मी कुठे जातेस म्हणून विचारलं नाही. फोन संध्याकाळी करायला लागले.

त्या बेटाचं नाव मी लिहिणार नाही. कॅरीहून पूर्वेला तीन तास, तंबाखूची शेतं संपतात, पाइनची झाडं बुटकी होत जातात, मग एक उंच पूल लागतो आणि पुलाच्या माथ्यावर गाडीतली सगळी मुलं एकदम ओरडतात. तीन कुटुंबं होतो आम्ही. आम्ही, माझी मैत्रीण मंजिरी आणि तिचा नवरा, आणि पुण्याचं आणखी एक जोडपं. मिळून पाच मुलं, आणि एक आजी. घर लाकडी खांबांवर उभं होतं. खाली गाड्या, गाड्यांमागे फळ्यांच्या आडोशाला बाहेरचा शॉवर, वर लांबच लांब डेक. जाळीचं दार दिवसभर फटाफट आपटायचं. सनस्क्रीनचा नारळी वास, दमट कार्पेट, एसीचा थंड कुबट श्वास, आणि त्या सगळ्यावर मात करणारी आमची मोहरी-हिंगाची फोडणी. घराच्या मालकाला ग्रीसचं वेड असावं. प्रत्येक खोलीत तिथल्या बेटांचे मोठमोठे फोटो होते, पांढरी घरं, निळे घुमट, निळंशार पाणी. आई पहिल्या संध्याकाळी एका फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा भूमध्य समुद्र," ती म्हणाली. "दारात अटलांटिक पडलाय आणि भिंतीवर भूमध्य टांगलाय. काय माणसं आहेत!"

सगळे हसले. मग तिने फ्रिजवर चिकटवलेला भरती-ओहोटीचा तक्ता चष्मा वर-खाली करत बराच वेळ वाचला. मला वाटलं, शिक्षिकेची खोड. मी तिला म्हणाले, "आई, तांदूळ कुठल्या बॅगेत आहेत?"

आता तो आठवडा आठवायचा म्हणजे मला एकच वाक्य ऐकू येतं. आजी आहेत ना! सकाळी कयाकिंगला जायचंय, मुलांचं काय? आजी आहेत ना. संध्याकाळी आपण सहाजण बाहेर जेवू या, खूप दिवसांत निवांत बसलो नाही यार. मुलं? अगं, आजी आहेत ना. मंजिरी मनाची वाईट नव्हती. "काकू, तुम्ही आहात म्हणून आम्ही हिंडतोय हां," ती आईच्या गळ्यात हात टाकून म्हणायची, आणि मग हिंडायला जायची. मीही जायचे. माझी रजा संपत आली होती, पुढच्या सोमवारपासून ऑफिस होतं, मला वाटत होतं हा आठवडा माझ्या हक्काचा आहे. आई छत्रीखाली निहारला मांडीवर घेऊन बसायची आणि बाकीच्या चार मुलांवर नजर ठेवायची. "आई, तुम्ही सावलीतच बसा, ऊन लागेल," सुहास म्हणायचा. किती काळजी!

त्या घरात दहा माणसांना परवानगी होती, तशी पाटीच होती स्वयंपाकघरात. आम्ही बारा होतो. लहान मुलं कोण मोजतं, असं सुहास म्हणाला. पुऱ्या तळताना अलार्म वाजू नये म्हणून मंजिरीच्या नवऱ्याने खुर्चीवर चढून अलार्मला शॉवर कॅप घातली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा इथे असं चालत नाही, हे आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. ते वाक्य फक्त आईसाठी होतं.

सकाळी मी उठायचे तेव्हा आईची आंघोळ झालेली असायची. केस ओले, पाठीवर सोडलेले, चहा उकळलेला, इरा डेकवर बसून दुधात बिस्किट बुडवतेय. "खालच्या शॉवरला बरं वाटतं गं आंघोळीला, मोकळं," आई म्हणायची. इराचा गुलाबी स्विमसूट कठड्यावर ठिबकत असायचा, पण कठड्यावर पाचही मुलांचे कपडे कायम ठिबकतच असायचे. त्या दिवसांत आई गुणगुणायची. घरी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, हवा मानवली.

बुधवारी निहार साडेसहालाच उठला. मी त्याला पाजून खांद्यावर घेऊन डेकवर आले. समोर वाळूच्या टेकडीवरून एक फळ्यांची वाट समुद्राकडे जायची, दोन्ही बाजूंना उंच गवत. त्या वाटेवरून आई आणि इरा येत होत्या. इरा नखशिखांत भिजलेली. आई अंगाभोवती मोठा टॉवेल गुंडाळून, केसांतून पाणी गळतंय, पाय वाळूने माखलेले. इरा तिचा हात धरून उड्या मारत होती. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. लाइफगार्डची उंच खुर्ची रिकामी.

मी काय पाहिलं? मी पाहिलं की साठीला आलेली एक बाई, जिला इथलं काही कळत नाही, ती माझ्या पोरीला कोणाला न सांगता पाण्याजवळ घेऊन गेली, लाट आली आणि दोघी सापडल्या. एवढं सगळं मी एका क्षणात पाहून टाकलं. विचारलं काहीच नाही.

"आई, अगं काय हे! कोणाला विचारून गेलीस?"

"अगं, ऐक तरी, आम्ही—"

"नाही, तू ऐक. लाइफगार्ड नाही, कोणी नाही, पाच वर्षांचं पोर! काही झालं असतं म्हणजे? इथे पोलीस येतात, मुलं काढून नेतात! इथे असं चालत नाही, आई, किती वेळा सांगायचं तुला?"

निहार रडायला लागला. इरा हात सोडून उभी राहिली. जाळीचं दार आपटलं, मंजिरी बाहेर आली, तिच्यामागून बाकीचे. सुहास डोळे चोळत आला आणि मला बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जाऊ दे ना यार. चिल. त्यांना माहीत नसतं."

आई टॉवेल घट्ट धरून एक पायरी खाली उभी होती. तिने सुहासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," ती म्हणाली. मग खालच्या शॉवरकडे गेली. पंधरा मिनिटांनी वेणी घालून, पंजाबी ड्रेस घालून वर आली आणि बारा जणांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पीठ भिजवायला लागली. पुऱ्या नेहमीसारख्याच खुसखुशीत झाल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्ल्या.

गुरुवार आणि शुक्रवार आई छत्रीखाली बसली. पाण्याकडे पाठ करून बसली होती. हे मला आत्ता आठवतंय असं नाही, फोटोत दिसतं. सुहासच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्या आठवड्याचे शेकडो फोटो आहेत: वाळूचे किल्ले, खेकड्याला घाबरून पळणारी मुलं, रांगेत उडणारे पेलिकन, गुडघाभर पाण्यात पँट दुमडून पोझ देणारे आम्ही सहाजण. आईचा फोटो एकच, छत्री, मांडीवर निहार, आणि समुद्राकडे पाठ. सासूबाई सप्टेंबरच्या शेवटी आल्या, चार दिवस हँडओव्हर झाला, आई गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने ती बॅग भरली. दोऱ्याची गाठ तिच्याच हातची आहे.

काल मी ड्रेसचा फोटो काढून इराला पाठवला. इरा आता लांब अर्विंगला असते, नोकरी करते, आठवड्यातून एकदा फोन करते, तोही गाडी चालवता चालवता. काल मात्र तिचा फोन दोन मिनिटांत आला.

"ओ माय गॉड, मॉम! आजीचा स्विमसूट! कुठे मिळाला?"

"तुला कसं माहीत हा स्विमसूट आहे?"

"व्हॉट डू यू मीन? आय वॉज देअर. बीच हाउस, रिमेंबर? एव्हरी मॉर्निंग. शी टॉट मी टू फ्लोट." मग तिचं मराठी आलं, तुटक, पण आजीच्या आवाजाची नक्कल करत. "पाण्याकडे बघू नको, वर बघ, आभाळ बघ. पाठीखाली हात ठेवायची. आणि मग एकदम काढून घ्यायची, मला न सांगता."

मी ड्रेसची ती दुमडी पुन्हा उघडून पाहिली.

"आणि नंतर ती स्वतः जायची," इरा म्हणाली. "वे आउट. जिथे लाटा फुटतात ना, त्याच्या पलीकडे. ती वाळूत एक लाइन काढायची आणि सांगायची, या रेघेच्या पुढे यायचं नाही, पाय पण नाही. मी तिथे टॉवेल घेऊन उभी राहायची. शी वॉज सो गुड, मॉम. फक्त डोकं दिसायचं, एवढंसं."

पाच वर्षांची पोर निर्मनुष्य किनाऱ्यावर एका रेघेच्या भरवशावर उभी. मला हे लिहायलाच हवं, कारण त्या दिवशी माझं सगळंच चुकलं नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. सगळं चुकलं असतं तर सरळ माफी मागून मोकळी झाले असते.

"मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

"मला वाटलं तुला माहितीये. त्या दिवशी मी सांगणार होते. बट यू वेअर येलिंग." मग म्हणाली, "आजी म्हणाली, नको सांगू, मम्मा घाबरते."

फोन ठेवला आणि मी घरभर फिरत राहिले. एकेक गोष्ट आठवून संताप होत होता. पुढच्या उन्हाळ्यात इराला आम्ही पोहण्याच्या क्लासला घातलं. पहिल्याच दिवशी ती पाठीवर पडून शांत तरंगली, बाकीची मुलं गळा काढून रडत होती. कोच म्हणाला, हिच्यात उपजतच आहे. आम्ही फुगलो. सुहासने तर मित्रमंडळींच्या पॉटलक जेवणात जाहीर केलं की हे माझ्याकडून आलंय, आणि सीझन संपल्यावर आम्ही त्या कोचला काजूकतलीचा अख्खा डबा दिला. अख्खा डबा! आई तेव्हा नागपुरात बाबांची औषधं आणायला उन्हातान्हात हिंडत होती, आणि मी तिला फोनवर कौतुकाने सांगत होते, अगं, इराला कोणी न शिकवता तरंगता येतं. ती म्हणाली होती, "हो का? छान."

सुहास गॅरेजमधून आला, ड्रेस पाहून म्हणाला, "आई पोहायच्या? वॉव. मग बोलल्या का नाहीत कधी?"

"कोणाशी बोलणार होती?" मी म्हणाले. "तू तिला सावलीत बसवलं होतंस."

मी त्याला आणखीही बरंच बोलले, त्यातलं निम्मं खरं तर मला स्वतःलाच बोलायचं होतं.

आज सकाळी नऊ वाजता नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. आईने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"आई, तुझी इथली बॅग उघडली काल. त्यात एक निळा ड्रेस आहे."

"आहे का अजून? मला वाटलं दिलं असशील सगळं कोणाला."

"तू पोहायचीस तिथे? रोज?"

"मग? तुला काय वाटलं, इस्त्री करायला आणला होता?"

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नसावं. मग ती सांगायला लागली, वर्गात सांगायची तशी, क्रमाने. मी बेटाचं सांगितलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिने तलावावरच्या लेडीज बॅचमध्ये नाव घातलं. पस्तीस वर्षांनी पाण्यात उतरली. पहिल्या दिवशी दम लागला, आठव्या दिवशी हात सुटले. ड्रेस शिवून घेतला. बाबांनाही सांगितलं नाही. "म्हटलं, आधी जमतंय का बघू. समुद्र मी नकाशात तीस वर्षं शिकवला. बोट ठेवून दाखवायचे पोरांना, हा अरबी, हा अटलांटिक. एकाही समुद्रात पाय टाकला नव्हता."

"मला का नाही सांगितलंस? मी तुला नाही म्हटलं असतं का?"

"तू मला काही विचारत होतीस का तेव्हा? सांगत होतीस फक्त."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा.

"चौथ्या दिवशी मी लाटांच्या पार पलीकडे गेले होते," ती म्हणाली. "तिथे पाणी नुसतं वर-खाली होतं, फुटत नाही. उताणी पडून राहिले. कोणाचं काही करायचं नव्हतं. परत फिरावंसंच वाटत नव्हतं. पण पोर रेघेवर उभी होती, म्हणून आले." मग म्हणाली, "आणि येऊन बघते तर तू."

"आई, चुकलं गं माझं."

आया म्हणतात तसं ती जाऊ दे गं म्हणेल, असं मला वाटलं. माझ्याही नकळत मी त्याची वाट पाहत होते.

"हो," आई म्हणाली. "चुकलंच. पोरीसाठी ओरडलीस त्याचं काही नाही. मीही ओरडले असते. पण त्या सगळ्यांच्या देखत, आणि जावई म्हणाले त्यांना माहीत नसतं, आणि तू ऐकून घेतलंस. रोज नाही आठवत मला. पण आठवतं."

मी रडत होते आणि मला रडण्याचाही राग येत होता. तिने मला रडू दिलं. समजूत काढली नाही. बऱ्याच वेळाने तिचा आवाज जरा वेगळा आला, चौकशी करणारा.

"तिथलं पाणी अजून तसंच कोमट असतं का गं? ऑगस्टमध्ये? मला वाटलं होतं गार असेल. पहिल्या दिवशी पाय घातला आणि चकितच झाले."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. पंचवीस वर्षं मी त्या समुद्रापासून तीन तासांवर राहते. दर उन्हाळ्यात गेले आहे. पँट दुमडून गुडघ्यापर्यंत, फोटोपुरती, आणि डोळे कायम मुलांवर. पोहायला मी कधी शिकलेच नाही.

"आई, मला नाही माहीत."

"नाही माहीत?" आईचा आवाज चढला, त्या एप्रिलमध्ये मी बाळंतिणीच्या अंथरुणातून तिच्यावर चढवला होता तसाच. "मग जाऊन बघ. ड्रेस तुझ्या मापाचा होईल आता. बघ आणि मला सांग."

आणि तिने फोन ठेवला.